लाउटरबरचा १९७३ चा दोन नळ्यांचा प्रयोग कॉलेजातल्या ६० मेगाहर्ट्झ यंत्रावर करता येईल का?

खटपट्या

मंडळी, एमएस्सी भौतिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प म्हणून पॉल लाउटरबरचा मूळ एमआरआय प्रयोग करून घ्यायचा विचार आहे. 'नेचर'च्या १६ मार्च १९७३ च्या अंकातला तो दोन पानी लेख. विभागात कायमचुंबकाचं टेबलावर ठेवायचं ६० मेगाहर्ट्झचं एनएमआर (चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचा रेडिओ सिग्नल मोजणारं यंत्र) आहे, ५ मिमीची नळी घेणारं. वेगळी ग्रेडियंट कॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एका दिशेने सरळ चढत नेणारी गुंडाळी, नाही. शिमचे (क्षेत्र एकसारखं करणाऱ्या छोट्या कॉइलचे) आकडे मात्र हाताने बदलता येतात.

विचारायचं ते असं. मूळ प्रयोगातली मापं नेमकी काय होती? नुसत्या शिमवर पुरेसा ग्रेडियंट मिळेल का? त्यांनी चारच दिशांनी मोजलं, तेवढ्यात चित्र कसं काय तयार झालं? आणि मुलांनी अहवालात लाउटरबरच्या संशोधनाबद्दल एक पान लिहायचं आहे. जालावर सगळीकडे 'हॉटेलात बर्गर खाताना कल्पना सुचली' याच्यापलीकडे काही सापडत नाही. तो माणूस तिथवर कसा पोचला, हे कुणी नीट सांगेल का?

अर्धा_हर्ट्झ

करता येईल. ग्रेडियंट किती मिळतो ते आधी मोजा, नळ्या नंतर भरा.

मूळ मापं: ४.२ मिमी आतल्या व्यासाच्या काचेच्या नळीत जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणून प्रोटॉनचा सिग्नल नाही), आणि तिच्या आतल्या भिंतीला चिकटवलेल्या १ मिमी आतल्या व्यासाच्या दोन पातळ केशनळ्या, त्यांत साधं पाणी. वारंवारता ६० मेगाहर्ट्झ, म्हणजे क्षेत्र सुमारे १.४ टेस्ला. ग्रेडियंट नसताना पाण्याच्या रेषेची (वर्णपटातल्या शिखराची) रुंदी ५ हर्ट्झच्या आसपास, आणि ग्रेडियंट जास्तीत जास्त ७०० हर्ट्झ प्रति सेंटिमीटर. पाच भागिले सातशे केलं की ०.०७ मिमी येतं, म्हणजे रेषेच्या रुंदीमुळे होणारा धूसरपणा केशनळीच्या व्यासाच्या चौदाव्या हिश्श्याइतका. चित्र मात्र त्यांनी २० × २० चौकटींचंच काढलं होतं.

आजच्या भाषेत ७०० हर्ट्झ प्रति सेमी म्हणजे जेमतेम १.६ मिलिटेस्ला प्रति मीटर. हॉस्पिटलातलं १.५ टेस्लाचं यंत्र ४० पर्यंत सहज जातं. तेव्हा आकडा बघून दबून जायचं कारण नाही. तुमच्या रेषेची रुंदी शिम केल्यावर १ हर्ट्झच्या आत असेल, तर १५० हर्ट्झ प्रति सेमीवरही काम भागतं. १ मिमीची नळी १५ हर्ट्झ पसरेल आणि तिचा आकारही ओळखू येईल.

ग्रेडियंट मोजायचा असा. ५ मिमीच्या साध्या एनएमआर नळीचा आतला व्यास ४.२ मिमीच असतो. तीत काठोकाठ नको, पण ४-५ सेमी साधं पाणी भरा, नळी घाला, ऑटोशिम बंद करा. मग नळीच्या अक्षाला आडवा जाणारा एक पहिल्या दर्जाचा शिम घ्या आणि पायरीपायरीने वाढवा. रेषा पसरून अर्ध्या लंबवर्तुळासारखी कमान होईल. तिच्या पायाची रुंदी हर्ट्झमध्ये वाचा, ०.४२ ने भागा, झाला तुमचा ग्रेडियंट. ३०० हर्ट्झ रुंदी आली तर ७१४ हर्ट्झ प्रति सेमी. कमान एका बाजूला कलली किंवा तिला शेपूट फुटलं, तर त्या शिममध्ये दुसऱ्या दर्जाचं (सरळ न चढता वक्र जाणारं) क्षेत्र मिसळतंय. ते आधी दुरुस्त करा. नाही केलं तर चित्र वाकडं येतं आणि दोष गणिताला दिला जातो.

नळ्यांसाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमॅटोक्रिटला वापरतात त्या केशनळ्या घ्या. ७५ मिमी लांब, बाहेरचा व्यास दीडेक मिमी, आतला १.१ च्या आसपास. निळ्या कडेच्या घ्या. लाल कडेच्या नळीत हेपरीन असतं. एक टोक बर्नरवर बंद करा, वरून पाणी सोडा आणि छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये एक-दोन मिनिटं फिरवून बुडबुडे काढा. कॉइलच्या उंचीवर एक बुडबुडा राहिला तरी रेषा विस्कटते. वरचं टोक मातीच्या लांबीने (पुटीने) बंद करा. ही लांबी खाली वापरू नका, तिच्यात लोहाचे कण असू शकतात. खालचं टोक उघडंही ठेवू नका, कारण साधं आणि जड पाणी हळूहळू मिसळतं आणि दुपारपर्यंत फरक दिसायला लागतो. दोन्ही नळ्या ४.२ मिमीच्या आत समोरासमोर भिंतीला टेकवल्या की केंद्रांमधलं अंतर २.६ मिमीच्या आसपास येतं. जागेवर राहायला टेफ्लॉनच्या पट्टीचे बूच द्या, कॉइलच्या वर आणि खाली. टेफ्लॉनमध्ये प्रोटॉन नसतात.

नळीचं फिरणं (स्पिनर) असेल तर बंद. हे सांगायची गरज वाटू नये, पण फिरत्या नळीत आडवा ग्रेडियंट सरासरीत धुऊन निघतो आणि 'ग्रेडियंट लागतच नाही' अशी तक्रार ऐकू येते.

जडपाणी

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. 'जड पाणी कशाला, केशनळ्या नुसत्या हवेत ठेवल्या तर काय बिघडलं' असं मुलं विचारणारच. जड पाणी महाग असतं.

बिघडतं असं. पाणी आणि हवा यांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेत (पदार्थ बाहेरच्या क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्यात) ९ पीपीएमहून, म्हणजे दहा लाखांत नऊ भागांहून, थोडा अधिक फरक आहे. आडव्या क्षेत्रात उभी असलेली पाण्याची बारीक नळी आपल्या शेजारी क्षेत्र बिघडवते. ०.५ मिमी त्रिज्येच्या नळीने २.५ मिमी अंतरावर केलेला बिघाड ढोबळ हिशेबाने ०.१९ पीपीएम येतो. ६० मेगाहर्ट्झवर हे ११ हर्ट्झ झाले. लाउटरबरच्या ७०० हर्ट्झ प्रति सेमी ग्रेडियंटमध्ये त्याने ०.१६ मिमीचा फरक पडला असता. तुमच्या १५० मध्ये तोच पाऊण मिलिमीटर होईल, आणि शिवाय दिशा बदलली की त्याचं चिन्ह बदलतं. जड पाण्याची ग्रहणशीलता साध्या पाण्याच्या अगदी जवळ असल्यामुळे भोवती ते असलं की क्षेत्राला नळी जवळपास दिसतच नाही. उरते फक्त काच.

जड पाण्याच्या शुद्धतेचंही गणित करा. मोठ्या नळीचा छेद १३.९ चौमिमी, दोन केशनळ्यांतल्या पाण्याचा मिळून १.६ ते १.९. जड पाणी ९९ टक्के असेल, तर भोवतालच्या १ टक्का हायड्रोजनचा सिग्नल नळ्यांच्या ५-८ टक्के होतो आणि प्रत्येक प्रोजेक्शनखाली (एका दिशेने घेतलेल्या सावलीखाली) एक पसरट टेकाड दिसतं. ९९.९ टक्के घेतलं तर ते टेकाड एक टक्क्याच्या खाली जातं. बाटली मात्र उघडी ठेवू नका. जड पाणी हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळ्यात तर हमखास.

आता लॉक, म्हणजे एका रेषेवर नजर ठेवून क्षेत्र सरकू न देणारी यंत्रातली सोय. तुमचं यंत्र नमुन्यातल्या ड्यूटेरियमवर लॉक करत असेल तर पंचाईत आहे. प्रोटॉनला ७०० हर्ट्झ प्रति सेमी वाटणारा ग्रेडियंट ड्यूटेरॉनला १०७ वाटतो, म्हणजे ४.२ मिमीमध्ये ४५ हर्ट्झ. लॉकची रेषा इतकी पसरली की लॉक चाचपडत बसतो. यंत्रात वेगळा बाहेरचा लॉक असेल तर प्रश्न नाही. नसेल तर लॉक सोडून मोजा, पण कायमचुंबक तापमानाला किती हळवा असतो हे लक्षात ठेवा. निओडिमियमच्या चुंबकाचं क्षेत्र एका अंशाला सुमारे ०.१ टक्का बदलतं. एक सहस्रांश अंशाने १ पीपीएम, म्हणजे ६० हर्ट्झ. ७०० च्या ग्रेडियंटवर सबंध चित्र ०.८६ मिमी सरकलं! यंत्र रात्रभर चालू राहू द्या, दार लावा, एसी थेट यंत्रावर येत असेल तर त्याची दिशा बदला.

फिरकी

चार दिशांचं कोडं सोपं आहे, आणि मुलांकडून कागदावर करून घेण्यासारखं.

एका दिशेने ग्रेडियंट लावला की त्या दिशेला काटकोनात जाणाऱ्या प्रत्येक पट्टीतलं सगळं पाणी एकाच वारंवारतेवर गोळा होतं. वर्णपट हीच वस्तूची सावली. दोन नळ्यांची एका दिशेने सावली घेतली की दोन कमानी दिसतात. काटकोनात दुसरी घेतली की आणखी दोन. या दोन सावल्या कागदावर उलट पसरवल्या तर पट्ट्या चार ठिकाणी छेदतात: दोन खऱ्या नळ्या, दोन भुतं. ४५ अंशांवर तिसरी सावली घेतली की भुतांचं बिंग फुटतं, कारण तिथून तिसरी पट्टी जात नाही. (नळ्यांना जोडणारी रेषा नेमकी एखाद्या दिशेत आली तर हिशेब थोडा बदलतो, म्हणून चौथी.) वस्तू दोन ठिपक्यांची होती म्हणून चारात भागलं. शिवाय लाउटरबरने नुसतं उलट पसरवणं केलं नव्हतं. सावल्यांशी जुळेपर्यंत चित्र पुन:पुन्हा सुधारत नेणारी, गॉर्डन आणि हर्मन यांच्यासारखी पद्धत वापरली होती.

मधे एखादी अनोळखी वस्तू असेल तर किती दिशा लागतात? व्यासाला हव्या त्या बारकाईने भागा आणि दीडपटीहून किंचित जास्त घ्या (नेमकं सांगायचं तर पाय भागिले दोन). ४.२ मिमीमध्ये पाव मिमी बारकाई हवी तर १८० अंशांत २६-२७ दिशा. तुमच्या प्रकल्पाला १५-१५ अंशांनी १२ पुरेत. ठिपक्यांभोवती चांदणीसारख्या काड्या दिसतील, त्यांना घाबरू नका, त्या कमी दिशांच्या खुणा आहेत.

आणि ग्रेडियंट फिरवू नका, नळी फिरवा. दोन शिम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून दिशा फिरवता येते खरी, पण दोघांची ताकद सारखी नसते आणि दोघांची घाणही वेगळी असते. एकच शिम स्थिर ठेवला की घाण तरी प्रत्येक वेळी तीच राहते. नळीच्या टोपीवर कोनमापकाची छापील चकती चिकटवा, यंत्रावर एक खूण करा. दोन अंशांची चूक कडेच्या नळीला ०.०५ मिमीने हलवते, चालतं.

नोंदणीसाठी: ९० अंशांचा एक पल्स (चुंबकत्व पूर्ण आडवं करणारा रेडिओ झटका), वर्णपटाची रुंदी २ किलोहर्ट्झ, १०२४ बिंदू, म्हणजे अर्ध्या सेकंदाची नोंद. ग्रेडियंटमध्ये सिग्नल काही मिलिसेकंदांतच मरतो, त्यापुढची नोंद म्हणजे नुसता गोंगाट, पण बिंदू पुरेसे लागतात. शुद्ध पाण्याचा टी-१ (पल्सनंतर चुंबकत्व परत यायला लागणारा काळ) अडीच-तीन सेकंद, म्हणून दोन पल्समध्ये १५ सेकंद थांबा. इतका वेळ नको असेल तर पाण्यात थोडा मोरचूद टाका. ५-१० मिलिमोलर कॉपर सल्फेटने टी-१ ०.२ सेकंदाच्या आसपास उतरतो.

फेज हाताने जुळवा. आपोआप जुळवणारा आदेश कमानीला रेषा समजून वाटेल ते करतो. पायाभूत रेषा शून्यावर आणा. मग प्रत्येक प्रोजेक्शनचं क्षेत्रफळ काढा. पाणी तेवढंच आहे, म्हणजे कुठल्याही दिशेने क्षेत्रफळ तेवढंच यायला हवं. २-३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. फेज चुकलाय, किंवा थांबण्याचा वेळ कमी पडलाय, किंवा नळी वरखाली सरकलीय. पुनर्रचनेला पायथनमधलं तयार 'आयरेडॉन' फंक्शन आहे, पण एकदा तरी मुलांनी स्वत: बेरजेचा कोड लिहावा. वीस ओळी होतात.

धाग्याबाहेरचा

तेल वापरलं तर? एका नळीत पाणी, दुसरीत शेंगदाणा तेल. दोन वेगळे पदार्थ चित्रात वेगळे दिसले तर बघायला मजा येईल.

जडपाणी

@धाग्याबाहेरचा: मजा येईल, पण तेल नळीबाहेर दिसेल! तेलातल्या बहुतेक प्रोटॉनची रेषा पाण्यापासून सुमारे साडेतीन पीपीएम दूर असते. ६० मेगाहर्ट्झवर ते २१० हर्ट्झ, आणि ७०० हर्ट्झ प्रति सेमीच्या मोजपट्टीवर ३ मिमी. यंत्राला वारंवारता तेवढी कळते. ती जागेमुळे बदलली की रसायनामुळे, हे त्याला सांगता येत नाही. नळी फिरवाल तसं पाणी फिरेल आणि तेल मात्र दर सावलीत एकाच बाजूला ३ मिमी ढकललेलं राहील, त्यामुळे पुनर्रचनेत त्याचा ठिपका न होता चाप होईल. १५० च्या ग्रेडियंटवर तर तेल १४ मिमी लांब जाऊन बसेल. हॉस्पिटलातल्या चित्रांत मूत्रपिंडाच्या एका कडेला काळी आणि दुसरीला पांढरी किनार दिसते, ती याच कारणाने.

मुद्दाम करायलाही हरकत नाही, पण वेगळा प्रयोग म्हणून. रासायनिक सरकणीचं (रसायनामुळे रेषा हलण्याचं) प्रसिद्ध पहिलं चित्र म्हणजे १९५१ मधला अल्कोहोलचा तीन रेषांचा वर्णपट. तो आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांच्या नावावर आहे. एस. एस. धर्मट्टी नंतर मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले आणि तिथल्या एनएमआर संशोधनाची सुरुवात त्यांनी केली. मुलांच्या अहवालात ही ओळ असू द्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा एनएमआर सिग्नल मोजला होता, तेही.

मापात_पाप

लाउटरबरच्या वाटचालीबद्दल लिहितो. वर जे शिमपुराण चाललंय त्याच्याशीच ते जोडलेलं आहे, म्हणून बर्गर बाजूला ठेवू.

जन्म १९२९, ओहायोतलं सिडनी गाव. १९५१ मध्ये क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमधून रसायनशास्त्रात पदवी. पुढे पीएचडीला न जाता पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये सिलिकॉन रबराच्या कामावर नोकरी. मधली दोन वर्षं सैन्यात, तीही लष्कराच्या रासायनिक प्रयोगशाळेत, आणि तिथे एनएमआर यंत्र हाताशी आलं. परत आल्यावर सिलिकॉन-२९ आणि मग कार्बन-१३ चे वर्णपट. १९५७ चा त्याचा कार्बन-१३ वरचा लेख त्या क्षेत्रातल्या अगदी पहिल्या लेखांपैकी आहे. निसर्गात कार्बन-१३ चं प्रमाण १.१ टक्का, सिग्नल नखाएवढा. असा सिग्नल पकडायचा तर चुंबकाचं क्षेत्र नमुनाभर एकसारखं करण्यात दिवस जातात. पीएचडी मिळाली १९६२ मध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठाची, म्हणजे नाव झाल्यावर. १९६३ पासून न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुकमध्ये.

१९७१ च्या उन्हाळ्यात तो पिट्सबर्गजवळच्या न्यू केन्सिंग्टन गावी एनएमआर स्पेशालिटीज नावाच्या छोट्या कंपनीचा कारभार बघत होता. कंपनी पैशांच्या अडचणीत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये रेमंड डमेडियन या अमेरिकी डॉक्टरचा लेख 'सायन्स'मध्ये आला होता: उंदराच्या गाठीतल्या पाण्याचे विश्रांतिकाल (टी-१ वगैरे) निरोगी ऊतीपेक्षा लांब असतात. तेच मोजायला जॉन्स हॉपकिन्समधून लिऑन सॅरियन या कंपनीच्या यंत्रावर आला. लाउटरबरने ती मोजमापं पाहिली. फरक खरा होता, पण त्यासाठी प्राणी मारून ऊतीचा तुकडा नळीत घालावा लागत होता. मग सिग्नल शरीरातल्या कुठल्या ठिकाणाहून येतोय हे बाहेरूनच कळेल का, हा प्रश्न उभा राहिला. २ सप्टेंबर १९७१ च्या संध्याकाळी त्याचं उत्तर सुचलं. कल्पना वहीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी साक्षीदाराची सही घेतली.

उत्तर काय होतं? क्षेत्र एकसारखं नसलं की रेषा पसरते. वर्णपटवाल्यांची सगळी हयात हे पसरणं घालवण्यात जाते. शिमच्या कॉइल त्यासाठीच असतात. लाउटरबरच्या लक्षात आलं की पसरणं सरळ रेषेत आणि माहितीचं असेल तर तो दोष राहत नाही, तीच मोजपट्टी होते. आणि ही मोजपट्टी लावायचं साधन, म्हणजे शिम, प्रत्येक यंत्रात आधीच बसवलेलं होतं. पंधरा वर्षं शिमचे खुंटे पिरगाळलेल्या रसायनज्ञाला हे सुचलं, याचं मला तरी नवल वाटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ६० मेगाहर्ट्झची लहर ५ मीटर लांब. सूक्ष्मदर्शकाच्या नियमाने तिने मिलिमीटरची वस्तू दिसूच नये. पण इथे लहर वस्तूवर आदळून परतत नाही. दोन क्षेत्रं एकत्र जुंपली जातात आणि जागा ग्रेडियंट ठरवतो. म्हणून त्याने पद्धतीला नाव दिलं 'झ्यूग्मॅटोग्राफी', ग्रीक 'झ्यूग्मा'वरून. तो शब्द आणि आपलं बैलाच्या मानेवरचं 'जू' एकाच मुळाचे. मराठीत 'जुंपचित्रण' म्हटलं असतं तर नेमकं झालं असतं. शब्द टिकला नाही.

'नेचर'ने लेख आधी परत पाठवला. त्याने पुन्हा लिहून आग्रह धरला, तेव्हा छापला. त्या लेखातला दुसरा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्या. लोक तो वाचतच नाहीत. एका केशनळीत शुद्ध पाणी, दुसरीत मँगनीज सल्फेटचं अगदी पातळ (०.१९ मिलिमोलर) द्रावण. रेडिओ शक्ती कमी असताना दोन्ही दिसतात. शक्ती वाढवली की शुद्ध पाण्याचा सिग्नल संपृक्त होऊन पुसला जातो आणि फक्त मँगनीजची नळी उरते. म्हणजे पहिल्याच लेखात जागेबरोबर टी-१ नुसार भेदही दाखवलेला आहे. डॉक्टरांना उपयोग त्याचाच.

त्यानंतर लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरून त्याच्या मुलीने आणलेला ४ मिमीचा शिंपला, १९७४ मध्ये जिवंत उंदराची छाती, १९७८ मध्ये मँगनीज देऊन हृदयाच्या बिघडलेल्या भागाचा शोध. १९८५ मध्ये इलिनॉय विद्यापीठ. पेटंट विद्यापीठाने घेतलंच नाही. २००३ चं वैद्यकातलं नोबेल पीटर मॅन्सफील्डबरोबर वाटून. निधन मार्च २००७.

फिरकी

मॅन्सफील्डचाही एक परिच्छेद अहवालात हवा, नाहीतर मुलांना वाटेल की हॉस्पिटलातलं यंत्र अजून सावल्याच पसरवतं.

मॅन्सफील्ड (जन्म १९३३, लंडन) पंधराव्या वर्षी शाळा सोडून छपाईच्या धंद्यात शिरलेला मुलगा. पुढे क्वीन मेरी कॉलेजातून १९५९ मध्ये पदवी, १९६२ मध्ये पीएचडी, मग इलिनॉयमध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्लिक्टरकडे दोन वर्षं, आणि १९६४ पासून नॉटिंगहॅम. त्याचा १९७३ चा लेख घन पदार्थांवर होता, कापराच्या थरांवर. स्फटिकातल्या अणूंची रचना एक्स-रेसारखी वाचता येईल का, हा त्याचा प्रश्न. म्हणजे दोघे एकाच वर्षी वेगवेगळ्या दारांनी आत आले. ठरावीक वारंवारतांचा पल्स आणि ग्रेडियंट एकाच वेळी देऊन शरीराचा एकच काप निवडण्याची पद्धत त्याच्या गटाने १९७४ मध्ये दिली. १९७७ मध्ये एकाच पल्सनंतर ग्रेडियंट भराभर उलटसुलट करून सगळं चित्र मिळवायची इको-प्लॅनर पद्धत त्याने मांडली, आणि त्याच वर्षी माणसाच्या बोटाचं चित्र छापलं.

सावल्यांऐवजी फूरिएचं गणित आलं ते १९७५ मध्ये, झुरिकहून. लेखक कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट. यातले पहिले अनिल कुमार, पुढे बंगळुरूला प्राध्यापक. १९८० मध्ये अ‍ॅबर्डीनच्या गटाने ते गणित न चुकणाऱ्या रूपात आणलं (स्पिन-वार्प), कारण मूळ रूपात क्षेत्राच्या खोटीने चित्र बिघडे. आजची बहुतेक यंत्रं त्याच वाटेने चालतात.

धाग्याबाहेरचा

आणि डमेडियन? नोबेल त्याचं हुकलं म्हणून त्याने वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या होत्या ना?

मापात_पाप

दिल्या होत्या, २००३ मध्ये. गाठींचा टी-१ वेगळा असतो हे १९७१ मध्ये त्याने दाखवलं नसतं तर सॅरियन न्यू केन्सिंग्टनला आलाच नसता, हे खरं. ३ जुलै १९७७ ला त्याने माणसाच्या छातीचा छेदही मिळवला, पावणेपाच तासांत. पण त्याची पद्धत क्षेत्रातला एकच चांगला ठिपका धरून माणसाला त्याखाली बिंदू-बिंदू सरकवायची होती. ग्रेडियंटने सगळ्या जागा एकदम वाचणं ही कल्पना त्यात नाही, आणि पुढची सगळी यंत्रं त्या कल्पनेवर उभी राहिली. निदानाचा प्रश्न त्याचा, चित्राची रीत लाउटरबरची, असं मुलांनी लिहावं. लाउटरबरच्या १९७३ च्या लेखात डमेडियनचा उल्लेख नव्हता, हेही लिहावं.

खटपट्या

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. दोन शंका उरल्या. मँगनीजचा प्रयोग आमच्या पल्सच्या यंत्रावर कसा करायचा? तिथे शक्ती वाढवून संपृक्त करणं जुन्या सलग पद्धतीचं (रेडिओ लहर सतत चालू ठेवण्याचं) आहे. आणि लॉक नसताना क्षेत्र सरकलं, किंवा नळी आपल्या अक्षाभोवती नेमकी फिरली नाही, तर चित्रात काय दिसेल आणि सुधारायचं कसं?

अर्धा_हर्ट्झ

पहिली शंका: शक्ती न वाढवता थांबण्याचा वेळ कमी करा. ९० अंशांचे पल्स अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने द्या. अडीच सेकंद टी-१ असलेल्या पाण्याचं चुंबकत्व तेवढ्यात १८ टक्केच परत येतं. दुसऱ्या नळीत टी-१ ०.२ सेकंद होईल इतका मोरचूद असेल तर ९२ टक्के. मँगनीजच घ्यायचं तर लाउटरबरच्या ०.१९ पेक्षा जास्त घ्या, ०.५ मिलिमोलर पुरे. सुरुवातीचे चार-पाच पल्स नोंदवू नका, चुंबकत्व स्थिर व्हायला तेवढे लागतात. मग एक चित्र १५ सेकंदांचं, एक अर्ध्या सेकंदाचं, शेजारी-शेजारी ठेवा.

दुसरी शंका: प्रत्येक सावली वेगवेगळी सरकली असेल तर ठिपका फाटतो. सगळ्या सावल्या एकाच बाजूला सारख्याच सरकल्या असतील, म्हणजे शून्य चुकीच्या जागी धरलं असेल, तर ठिपक्याचा चाप होतो, वर तेलाचा होतो तसाच. उपाय दोन्हींवर एकच. प्रत्येक प्रोजेक्शनचा गुरुत्वमध्य काढा आणि ते प्रोजेक्शन असं सरकवा की गुरुत्वमध्य शून्यावर येईल. वस्तूच्या गुरुत्वमध्याची सावली हाच सावलीचा गुरुत्वमध्य असतो, त्यामुळे सगळ्या सावल्या आपोआप एका केंद्राभोवती जुळतात. क्षेत्र किती सरकलं, नळी कुठल्या अक्षाभोवती फिरली, काहीही माहीत असावं लागत नाही. फक्त पायाभूत रेषा खरोखर शून्यावर हवी. कडेला नुसता अर्धा टक्का उंचवटा राहिला तरी २ किलोहर्ट्झ रुंदीभर तो गुरुत्वमध्याला ओढतो. म्हणून हिशेब कमानीच्या दोन्ही बाजूंना ५०-५० हर्ट्झ ठेवून तेवढ्याच खिडकीत करा. आणि अर्ध्या सेकंदाच्या चित्रासाठी गुरुत्वमध्य वेगळा काढा, १५ सेकंदांचा वापरू नका, तिथे एक नळी जवळपास पुसलेली असते.